मोरये चाळीसमोरचं रेलिंग

मालन राऊळला टँकरने उडवलं ते विनीत घाडीने पडद्यावर पाहिलं. तो अँटॉप हिलच्या कंट्रोल रूममध्ये होता, सकाळची शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. लालबागच्या कॅमेऱ्यात त्याला दुभाजकावरच्या रेलिंगमधून एक बाई आडवी होऊन निघताना दिसली. आधी पिशवी बाहेर आली, मग हात, मग खांदा. पदर गजाला अडकला. तिने तो हिसडला, तोल जाऊन ती पुढे पडली आणि टँकर तिच्यावरून गेला. पडद्यावर आवाज नव्हता. टँकर थांबेपर्यंत ती बरीच पुढे फरफटत गेली होती, आणि तिच्या मागे रस्त्यावर काळपट ओला पट्टा उमटला होता.

साडीवरून विनीतने तिला ओळखलं. त्याची आई आणि मालनकाकी मोरये चाळीच्या एकाच मजल्यावर राहायच्या. विनीत लग्नानंतर शीवला राहायला गेला, तरी गणपतीत काकींच्या हातचे मोदक त्याच्या घरी पोचायचे. काकी साखरेच्या आजाराच्या गोळ्या आणायला समोरच्या हॉस्पिटलात जायच्या. चाळीच्या दारातून पूर्वी सरळ रस्ता ओलांडला की हॉस्पिटलचं फाटक होतं. ते क्रॉसिंग विनीतच्या कंपनीने बंद केलं होतं. आता पादचारी पुलावरून जायचं, आणि पुलाची लिफ्ट बसवल्यापासून बंदच होती.

शीव ते लालबाग हा पट्टा सरकारी खात्याने कंपनीला पंचवीस वर्षांसाठी दिला होता. पैसा कंपनीने घालायचा, डांबरीकरण, दिवे, सिग्नल, साफसफाई सगळं कंपनीने बघायचं. बदल्यात पार्किंग आणि जाहिरातींचे फलक कंपनीचे, शिवाय खात्याकडून दरवर्षी हप्ता. मात्र गाड्यांचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली गेला की हप्त्याला कात्री. मोरये चाळीसमोर माणसं रस्ता ओलांडायची, गाड्या थांबायच्या, वेग पडायचा. म्हणून रेलिंग आलं.

चाळीतली माणसं खात्यात गेली तेव्हा तिथला साहेब म्हणाला, रस्ता आता कंपनीकडे आहे, त्यांना भेटा. कंपनीत आली तेव्हा विनीतचे बॉस हेरंब लिमये म्हणाले, खात्याच्या परवानगीशिवाय आम्ही एक गज हलवू शकत नाही. हे उत्तर चाळीला द्यायला त्यांनी विनीतलाच पुढे केलं होतं. धोंडूकाका, मालनकाकींचे यजमान, तेव्हा त्याला म्हणाले होते, "मग बाबा, मालक कोण ता तरी सांग." विनीतला सांगता आलं नव्हतं.

लिमये केबिनमधून धावत आले. पडद्यावर चाळीतून लोक बाहेर पडत होते. कोणीतरी गॅस कटर आणला होता.

"रेलिंग कापतायत," लिमये म्हणाले. "दोन्ही बाजू जाम होणार. विनीत, तू तिथला आहेस ना? जा, समजाव त्यांना."

"सर, बाई मेलीय तिथे. आत्ता कोण ऐकणार?"

"तुझं ऐकतील. मार्शल पाठवलेत मी, पण ती आडदांड पोरं, ती बोलणार नाहीत. रस्ता मोकळा झाला पाहिजे."

मार्शलांचा मुकादम मयूर खानविलकर होता. तोही मोरये चाळीचा, विनीतचा वर्गमित्र, शेजारच्या खोलीत वाढलेला. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर होतं, ते कंपनीच्या ठेकेदाराने विकत घेतलं होतं. पार्किंगवरून भांडणं झाली की तो आणि त्याची माणसं काठ्या घेऊन पोचायची. विनीतने जीपमधूनच त्याला फोन लावला.

"मयऱ्या, काठी काढू नकोस. मी येतोय."

"तू नको येऊस," मयूर ओरडला. मागे प्रचंड गोंगाट होता. "तुझं नाव घेऊन शिव्या घालतायत इथे. ऐक माझं, दादरलाच थांब."

विनीत थांबला नाही. परळच्या पुढे गाड्या हलेनात तेव्हा तो जीप सोडून पळत गेला. अंगात कंपनीचं पिवळं जाकीट होतं, ते काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मालनकाकींवर कोणीतरी चादर टाकली होती. चादर आखूड पडली होती आणि एक पाय उघडा होता, भलत्याच बाजूला वळलेला. टँकरचा ड्रायव्हर टायरला टेकून बसला होता. त्याचं नाक फुटलं होतं, दात रक्ताने लाल झाले होते, आणि दोन पोरं त्याला आळीपाळीने लाथा मारत होती. टँकरची काच फुटली होती. रेलिंगचा मोठा तुकडा कापून आडवा पाडला होता, सुटे गज रस्त्यावर विखुरले होते. पलीकडच्या फुटपाथवर मयूर आणि त्याचे मार्शल रांगेने उभे होते. पोलिसांची एक गाडी मागे ट्रॅफिकमध्ये अडकून नुसती भोंगा वाजवत होती.

"अरे सोडा त्याला, मरेल तो!" विनीत ड्रायव्हरकडे धावला.

पिवळं जाकीट बघून गर्दी वळली.

"हा बघा, कंपनीवाला आला."

"घाडीचा विन्या आहे."

"ह्यानेच लावलं रेलिंग!"

"ऐका, माझं ऐका," विनीत म्हणाला, आणि पहिली चपराक बसली. कोणी मारली ते त्याला दिसलं नाही. मग पाठीत बुक्का बसला, मग पोटात. तो वाकला तेव्हा कोणाचा तरी गुडघा तोंडावर आला आणि ओठ दातांत फाटला. तो खाली पडला. ज्या माणसांच्या घरी तो लहानपणी जेवला होता त्यांच्या चपला त्याच्या बरगड्यांवर पडत होत्या. एका बाईचा आवाज सारखा येत होता, "मारा, मारा मेल्याला." तो आवाजही ओळखीचा होता.

मग धोंडूकाका पुढे आले. लोक बाजूला झाले. काकांच्या बनियनवर मालनकाकींचं रक्त सुकत होतं. हातात कापलेला गज होता.

"मालक कोण ता सांगलंस नाय तू माका," ते म्हणाले. "तुमच्या रस्त्यान माजी बायल खाल्ल्यान."

"काका..."

त्यांनी गज उचलून हाणला. विनीतने हात आडवा घातला. मनगटातलं हाड मोडल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. काकांनी गज पुन्हा वर नेला.

तेवढ्यात मयूर गर्दी फोडून आत घुसला. त्याने एकाला खांद्याने उडवलं, दुसऱ्याच्या तोंडावर काठी घातली आणि तीच काठी धोंडूकाकांच्या डोक्यावर मारली. काका गुडघ्यांवर बसले. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. मयूरच्या मागून बाकीचे मार्शल आले आणि समोर दिसेल त्याला झोडपायला लागले. एक म्हातारा तोंडावर आपटला. बायका किंचाळत चाळीकडे पळाल्या. वरच्या मजल्यांवरून बाटल्या, कुंड्या, जे हाताला लागेल ते खाली येऊ लागलं.

"ऊठ!" मयूर विनीतवर ओरडला. "पळ इथून, साल्या! तुला बोललो होतो ना, येऊ नको म्हणून?"

पण धोंडूकाकांनी मयूरच्या पायाला मिठी मारली होती. ते सोडत नव्हते. मयूरने त्यांच्या खांद्यावर काठी मारली, तरी सोडेनात. पाठीत मारली. काका नुसते हुंकारले आणि त्यांनी मयूरच्या मांडीत दात रुतवले. मयूर कळवळला. त्याने काठी दोन्ही हातांत धरून डोक्याच्या वर नेली. त्याचा चेहरा विनीतने लहानपणापासून पाहिलेला, पण तो असा कधी पाहिला नव्हता. हा घाव डोक्यात बसला तर म्हातारा संपला, एवढंच विनीतला कळलं.

"मयऱ्या, नको!"

मयूरला ऐकू आलं नाही. विनीतने धड हाताने काकांच्या हातातून पडलेला गज उचलला आणि बसल्या जागेवरून, होता नव्हता तेवढा जोर लावून, मयूरच्या गुडघ्यावर आडवा मारला. गुडघा उलट्या बाजूला वाकला. मयूर पडला. पडताना तो विनीतकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुखण्याच्या आधी नवल होतं.

मग तो ओरडायला लागला.

पोलिसांनी लाठीमार करून रस्ता रिकामा केला. दुपारपर्यंत वाहतूक सुरूही झाली. पाण्याच्या पाइपने रक्त धुतलं ते कंपनीच्याच माणसांनी.

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीने सांगितलं, मार्शल आमचे नव्हेत, ठेकेदाराचे आहेत, आणि विनीत घाडी यांनी जे केलं ते वैयक्तिक होतं. लिमयेंनी त्याला फोन केला नाही. खात्याने सांगितलं, रस्त्यावरची सुरक्षा करारानुसार कंपनीची जबाबदारी आहे. ठेकेदाराचा फोन बंद होता. कापलेलं रेलिंग मात्र पुन्हा कोणी जोडलं नाही. तिथे खात्याने सिग्नल बसवला आणि कंपनीने पट्टे मारले, आणि दोघांनीही त्यासाठी आपापला फलक लावला.

धोंडूकाका वाचले. डोक्याला टाके पडले, डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. मालनकाकींना अग्नी द्यायला ते स्मशानात पट्टी बांधूनच गेले. विनीतला पोलिसांनी हाताला प्लास्टर असतानाच अटक केली. मयूरने जबाबात त्याचं नाव घेतलं होतं. जबाब घेणाऱ्या हवालदाराने नंतर विनीतला सांगितलं, "तो म्हणाला, विनीतनेच मारलं. आणि म्हणाला, मारलं नसतं तर माझ्या हातून म्हातारा मेला असता, हेही लिहा."

जामीन मिळाल्यावर विनीत सरळ हॉस्पिटलात गेला. मयूरच्या पायात सळ्या घातल्या होत्या. गुडघा पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची आई ललिता घरी डबा करायला गेली होती. खाटेशेजारी कोणीच नव्हतं.

विनीतला बघताच मयूरने स्टीलचा पेला भिरकावला. तो विनीतच्या तोंडावर लागला आणि नुकता भरत आलेला ओठ पुन्हा फुटला.

"तुला वाचवायला आलो होतो मी," मयूर म्हणाला.

"माहीत आहे."

"तरी मारलंस."

"हो."

"आता मी काय करू रे? कोण ठेवेल मला कामावर? काय येतं मला दुसरं?"

विनीत स्टुलावर बसला आणि रुमाल ओठाला लावला. मयूरने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस उगाच खोकला.

"वॉर्डबॉयला बोलाव," शेवटी मयूर म्हणाला. "संडासला जायचंय."

विनीत बाहेर जाऊन बघून आला. "नाहीये कोणी."

"मग थांबतो मी."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. विनीत उठला, त्याने प्लास्टरचा हात मयूरच्या पाठीमागून घातला आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. मयूरने त्याच्या मानेवर पंजा रोवला. पाय खाली सोडताना वेदनेने त्याची नखं विनीतच्या कातडीत घुसली, आणि त्याने ती मुद्दाम आणखी खोल दाबली. विनीत हलला नाही.

"हळू, भडव्या," मयूर दात आवळून म्हणाला. "हळू."

एका पायावर उड्या मारत मयूर, आणि त्याचं सगळं वजन अंगावर घेऊन विनीत, असे ते दोघं वॉर्डच्या दाराकडे निघाले.