सात फुटांची भिंत

सरकारी छापखान्यात कुठलाही नियम छापायच्या आधी दोन माणसं समोरासमोर बसून तो तपासतात. एक जण खात्याकडून आलेला मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो, दुसरा छापाच्या खर्ड्यावर बोट फिरवत जातो. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा तोंडानं बोलतो. असं ऐकलेलं कानात शिरतं पण डोक्यापर्यंत जात नाही, आणि या नोकरीचं खरं सुख तेच. खर्डा तपासणाऱ्या ताईनं ते सुख बावीस वर्षं भोगलं होतं.

त्या सकाळी समोरच्या म्हाताऱ्या वाचकानं घसा खाकरला आणि एकसुरात गाडी सोडली.

"कलम नऊ. उघड्या आवारात रिकामी पोती झटकण्याचे काम हे धुळीच्या संपर्कातील काम समजले जाणार नाही पूर्णविराम. उघडे आवार म्हणजे स्वल्पविराम वर छप्पर नसलेले व तीन बाजूंनी सात फुटांपर्यंत उंचीची भिंत असलेले–"

"थांबा. परत वाचा."

"कुठं चुकलं?"

"चुकलं नाही. परत वाचा."

"कमाल आहे. घरी सगळे मला गप्प बसा म्हणतात आणि तुम्ही परत वाचा म्हणताय!"

त्यानं परत वाचलं. ताईचं बोट सात या आकड्यावर चिकटलं ते निघेना.

तिच्या नवऱ्यानं चौदा वर्षं छपराचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात रिकामी पोती झटकली होती. पोत्यांतून पत्र्यात घालायच्या तंतूंची भुकटी यायची. पोती पुन्हा वापरायची, म्हणून ती मागच्या आवारात आपटून साफ करायची. आता तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "सावकाश जा, मी इथला पहारेकरी आहे." धुळीनं फुप्फुसं गेलेल्या कामगारांना कंपनीच्या खर्चानं जन्मभर उपचार द्यायचे, असे हे नवे नियम होते. दोघं वर्षभर त्यांची वाट पाहत होती. नवऱ्याचा अर्ज, छातीचे फोटो, सगळं तिच्या धाकट्या भावाकडे दिलेलं होतं. तो वकील. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं?

आणि आता तिला तीन रविवार आठवले. धाकटा ओळीनं तीन रविवार आला होता, फळं घेऊन. वर्षात एकदा तोंड दाखवणारा माणूस! ताईला भरून आलं होतं. दाजींच्या शेजारी बसून तो बारीकसारीक विचारत होता. "दाजी, पोती आत झटकायचा की बाहेर?" "वर छप्पर होतं का?" नवरा हसला होता. "छप्पर कसलं? आभाळ!" "आणि भिंत?" नवऱ्यानं उभं राहून डोक्यावर हात धरला होता. "माझ्यावर हातभर धर." धाकट्यानं ते वहीत टिपलं होतं. ताईनं दोनदा चहा केला होता.

ती मनाला समजावत राहिली. भिंती काय, जगभर असतात. सात फूट काय, कुणीही लिहील. पण खात्यात बसून कागद सरकवणाऱ्याला पोती झटकतात हे कुठून कळलं? कळलं तरी भिंत मोजायला कोण गेलं? जेवणाचा डबा तिनं उघडलाच नाही. दुपारी अर्धी रजा टाकली आणि तडक भावाच्या ऑफिसात गेली.

ऑफिसच्या दारावर पाटी एवढीच: सल्लागार. कसले, कुणाचे, काही नाही. आत गालिचा असा, की स्वतःच्या पावलांचा आवाज येऊ नये. भिंतीवर मंत्र्यांशी हात मिळवतानाचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत धाकटा कडेला उभा.

"ताई! तू इकडे कशी?"

"कलम नऊ कुणी लिहिलं?"

तो खुर्चीत बसला. कुठल्या कायद्यातलं, हे त्यानं विचारलंच नाही.

"खर्डा गोपनीय असतो, ताई. असं बोलत फिरलीस तर नोकरी जाईल."

"माझ्या नोकरीचं मी बघते. तू लिहिलंस?"

"पत्रेवाल्यांची संघटना माझी अशील आहे. ते म्हणणं सांगतात, मी कायद्याच्या भाषेत घालतो, खात्याला देतो. खात्याला पटलं तर घेतात. माझी सही कुठंही नसते."

"तेच विचारतेय. का नसते?"

"अगं, खुन्यालासुद्धा वकील मिळतो. वकिलानं खून केला असं म्हणतेस का?"

हे वाक्य त्यानं बऱ्याच जेवणावळींत वापरलेलं असणार, इतकं ते गुळगुळीत होतं. ताईला ते क्षणभर पटलंही. मग नाही पटलं.

"खुन्याचा वकील कोर्टात उभा असतो. समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो. तुझ्या टेबलासमोर कोण होतं? दाजी. आणि त्यांना माहीत नव्हतं, की ते समोरची बाजू आहेत. त्यांना वाटलं मेहुणा विचारपूस करतोय."

"मी नसतं लिहिलं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं."

"लिहिलं असतं. पण भिंत त्याला माहीत नसती."

तो लाल झाला. मग शांतपणे, खालच्या आवाजात बोलला. लहानपणी मार चुकवायचा असला की हाच आवाज काढायचा.

"आणि तू गं? बावीस वर्षं प्रत्येक खर्ड्याखाली तुझी सही आहे. नदीत सांडपाणी सोडायची सवलत, औषधांचे वाढीव भाव, सगळं तूच तपासलंस. तेव्हा नाही विचारलंस कुणी लिहिलं ते?"

ताईला त्याचा राग आला तो त्यासाठीच, की बोलला ते खरं होतं. तिनं नवऱ्याच्या कागदांचं पाकीट परत मागितलं. ते कपाटात तळाशी होतं आणि त्यातले छातीचे फोटो अजून उघडलेलेही नव्हते.

घरी नवऱ्यानं विचारलं, "अगं, काय म्हणतात आमचे वकीलसाहेब? काम होईल ना?"

"बघतायत," ती म्हणाली, आणि पाकीट पिशवीतून काढलंच नाही.

छापखान्यात एक नियम होता. तपासणाऱ्याला शंका आली तर त्यानं समासात लिहायची आणि खात्याचं सहीनिशी उत्तर येईपर्यंत तो फर्मा, म्हणजे छपाईसाठी जुळवलेली पानं, यंत्रावर चढवायचा नाही. ताईच्या आजवरच्या शंका वेलांटीच्या आणि अनुस्वाराच्या. दुसऱ्या दिवशी तिनं कलम नऊच्या समासात लाल शाईनं लिहिलं: भिंतीची उंची कोणी सांगितली? नाव द्यावे.

विभागप्रमुख धावत आले. "बाई, मजकूर आपला नाही! आपण फक्त जुळतंय का ते बघायचं."

"नियमात 'कोणतीही शंका' असं लिहिलंय. मीच तपासला होता तो, मागच्या वेळी."

फर्मा तीन दिवस अडला. धाकट्याचे सात फोन येऊन गेले, तिनं एकही उचलला नाही. चौथ्या दिवशी खात्याचं उत्तर आलं, टंकलेलं, अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेलं: सदर माहिती प्रत्यक्ष काम केलेल्या अनुभवी कामगाराकडून प्राप्त झाली आहे. शंका निकाली काढावी.

ताईनं ते दोनदा वाचलं. म्हणजे कलम तिच्या नवऱ्यानंच लिहिलं! ज्याला उपचार मिळू नयेत म्हणून ते केलं, त्याच्याच तोंडून. आणि हे खोटंही नव्हतं. धाकट्याची हुशारी होती ती, शाळेपासूनची. फी तिनंच भरली होती.

"झालं समाधान?" विभागप्रमुख म्हणाले. "करा सही. नाहीतर उद्यापासून गोदामात कागद मोजायला बसा. वरून तसं आलंय."

म्हाताऱ्या वाचकानं चष्मा काढला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

ताईनं सहीच्या चौकटीत काही लिहिलं नाही. समासात, आधीच्या शंकेखाली, दुसरी शंका लिहिली: त्या कामगाराला हे कलम वाचून दाखवले का? पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव, वय, घरचा पत्ता. आणि शेवटी: माणूस जिवंत आहे, विचारून घ्यावे.

मग तिनं टोपण लावून लाल पेन टेबलावर ठेवलं आणि गोदामाची चावी कुणाकडे असते ते विचारलं.