क्वाक वडिलांची परीक्षा

गेल्या वर्षीच्या वादळात मल-सुनचा नवरा तोक-सू बुडाला, तो देवाचा न्याय होता. यंदाच्या वादळात क्वाक तै-गोन यांचे कालवं वाढवायचे अकरा तराफे फुटले, ती देवाने घेतलेली परीक्षा होती. हा फरक खुद्द क्वाक यांनीच मंडळीला समजावून सांगितला. ते मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चच्या कारभारात पाळकांच्या खालोखाल, आणि खरं सांगायचं तर थोडे वरच.

तोक-सूचं पाप असं की तो रविवारी गेला. उपासनेची वेळ झाली तेव्हा हा खाडीच्या तोंडाशी तराफ्यांना दुहेरी दोर बांधत होता. क्वाक त्या वेळी पहिल्या बाकावर बसून गात होते. त्यांचे तराफे डोंगराच्या आडोशाला आणि वारा आग्नेयेचा, त्यामुळे त्यांना केसभरही धक्का लागला नाही. पुढच्या रविवारी ते प्रार्थनेला उभे राहिले आणि "प्रभूचा दिवस मोडणाऱ्याला प्रभूने मोडलं," असं दणक्यात म्हणाले. मल-सुन तिसऱ्या बाकावर होती. तिचे डोळे अजून सुजलेलेच होते.

यंदा वादळ पूर्वेच्या अंगाने गेलं. वारा फिरला आणि उत्तरेकडून खिंडीतून थेट क्वाकांच्या तराफ्यांवर उतरला. हवामान खात्याने दोन दिवस आधी सांगितलं होतं, गावच्या प्रमुखाने भोंग्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं होतं. तो गुरुवार होता, दोर बांधायला कसलीच आडकाठी नव्हती. पण क्वाक म्हणाले, "माझी काळजी वाहणारा वर बसलाय." वर बसलेल्याने बहुधा भोंगा ऐकला होता आणि क्वाकांनीही ऐकला असेल असं धरून चालला होता.

मल-सुनला मात्र कुणाच्या तराफ्यांशी देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त येता मंगळवार होता. त्या दिवशी तोक-सूला वर्ष होणार होतं. मेलेल्याच्या नावाने ताट मांडून त्याच्यापुढे वाकणं मंडळीत चालत नाही. त्याऐवजी घरी स्मरणाची उपासना होते, पाळक येतात, गाणी म्हटली जातात, सगळे जेवून जातात. पण तोक-सूच्या उपासनेला क्वाकांनी वडिलांच्या बैठकीत मोडता घातला होता. "असल्या मरणाची आठवण काढली तर तरुणांना चुकीचा धडा जाईल," म्हणे. इकडे दीर म्हणत होता, "वहिनी, सोड तुझं चर्च. मी मांडतो दादाचं ताट." तीस वर्षं मंडळीत काढलेल्या बाईला ते जमणार नव्हतं. तोक-सू ना इकडचा राहिला होता, ना तिकडचा, आणि या एका गोष्टीने तिला रात्रंदिवस पोखरलं होतं.

शनिवारी सकाळी पाळक यांग बायकांना घेऊन क्वाकांच्या घरी सांत्वनाला निघाले. चढावर बरोबरच्या ओक-चाने मल-सुनला कोपराने ढोसलं.

"क्वाक वडील तुझ्याकडे आले होते तेव्हा पापाची यादी घेऊन आले होते. आज बघ स्वतःसाठी कसे मऊ मऊ शब्द निघतील."

"गप गं. त्यांचंही नुकसान झालंय."

"झालंय ना! पण त्यांचं नुकसान पवित्र आहे, बाई."

क्वाक बैठ्या टेबलाशी बसले होते, चेहरा शहीद झालेल्या माणसाचा. त्यांच्या बायकोने, सन-इमने, सोललेली नासपती पुढे ठेवली. पाळक नवे होते, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेले. त्यांनी भोळेपणाने विचार केला की वादळाचं दुःख वादळाने पोळलेल्यालाच कळेल.

"मल-सुनबाई, आज प्रार्थना तुम्ही करा."

ओक-चाला ठसका लागला. मल-सुनने मान खाली घातली. नेहमीची चार वाक्यं म्हणायची आणि मोकळं व्हायचं, असंच तिच्या मनात होतं. इथल्या मंडळीची रीत अशी की डोळे घट्ट मिटायचे आणि प्रत्येक वाक्याला मोठ्याने आमेन म्हणायचं. ज्याचा आमेन मोठा, त्याचा विश्वास मोठा. क्वाकांचा आमेन धक्क्यापर्यंत ऐकू जायचा.

"हे प्रभू, वारा तुझा आहे."

"आमेन!"

"क्वाक वडिलांचे तराफे फुटले, ते त्यांच्या पापामुळे फुटले असं कुणी म्हणू नये."

"आमेन!" क्वाक गरजले.

"इतकी वर्षं तुझ्या दारात येणाऱ्या माणसाकडे कुणी बोट दाखवू नये."

"आमेन, प्रभू, आमेन!"

खरं तर इथेच आटोपायचं होतं. पण ती थांबली नाही.

"गेल्या वर्षीचा वाराही तुझाच होता."

"आमेन!"

"माझा नवरा पापामुळे बुडाला नाही. दोर तुटला म्हणून बुडाला."

"आमेन!" क्वाकांचाच आवाज सगळ्यांत वर होता. निम्म्या बायका गप्प झाल्या होत्या.

"येत्या मंगळवारी त्याच्या स्मरणाची उपासना आमच्या घरी होईल, तिथे तू ये. येशूच्या नावाने मागते."

"आमे..." क्वाकांनी डोळे उघडले.

"आमेन," सन-इम म्हणाली. तिचे डोळे केव्हापासून उघडे होते, कोण जाणे.

"हे काय चाललंय?" क्वाक लालबुंद झाले. "प्रार्थनेत असलं घुसडतात का? पाळकसाहेब, हे धरायचं नाही."

पाळकांनी घाम पुसला. "वडीलसाहेब, आमेन तर तुम्ही सगळ्यांत मोठ्याने म्हणालात."

"मी डोळे मिटून म्हणालो!"

"गेल्या वर्षीही तुम्ही डोळे मिटूनच बोलला होतात," सन-इम म्हणाली. मग तिने नासपतीची बशी नवऱ्यासमोरून उचलली आणि मल-सुनपुढे ठेवली. "मंगळवारी किती वाजता येऊ गं?"

"अकरा वाजता," मल-सुन म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच चारचौघांत रडली.