रशीद काय म्हणाला

पावस ते रत्नागिरी टॅक्सी चालवण्यात माझं आयुष्य गेलं, पण शहाऐंशी सालच्या त्या बुधवारी गाडीने माझी जी शोभा केली, ती अजून विसरलेलो नाही.

मागे खुर्शीदभाबी बसली होती. तिचा नवरा रशीद कुवेतला ट्रक चालवायचा. त्याने पत्रात कळवलं होतं की सकाळी अकराला रत्नागिरीत हारुनभाईंच्या दुकानावर फोन करीन, तीनच मिनिटांचा. हारुनभाई म्हणजे भाबीचे थोरले दीर. त्यांनी भाबीच्या लेकीला, जन्नतला स्थळ आणलं होतं आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं. पोरगी सतराची, तिला पुढे शिकायचं होतं. "तिच्या बापाला विचारल्याबिगर मी होय म्हणायची नाय," भाबी म्हणाली.

गोळपच्या चढावर गाडीचा दमच गेला. इंजिन चालू, पेट्रोल भरलेलं, प्लग परवाच साफ केलेले. तरी पाय दाबला तर बैलगाडीची चाल. थांबलो की जरा बरी चाले, मग पुन्हा मरगळे. मला काही कळेना, आणि कळेनासं झालं की माझं डोकं फिरतं.

"भिकाजीदादा, जरा जोरात घ्या ना!"

"जोर तिच्यात असायला हवा ना!"

दिवे लावले, खालच्या गिअरवर डावी कड धरली आणि हात बाहेर काढून एसटीला पुढे जाऊ दिलं. एक सायकलवालाही हसत पुढे गेला. पुढे रांगणारा भरलेला ट्रक मागे टाका, असं भाबी दोनदा म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. समोरून गाडी येताना मध्येच दम तुटला असता, तर कसला फोन नि कसलं काय.

दुकानात शिरलो तेव्हा फोन वाजतच होता. गिऱ्हाइकांत अडकलेल्या हारुनभाईंनी हातानेच आतली खोली दाखवली. भाबी धावली. "गाडी चढतच नव्हती, थांबली की जरा चाले नि परत मरगळे, म्हणून उशीर..." एवढं बोलली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तुम्हाला मागतायत."

"टाकीचं झाकण बदललात काय, भिकाजीदादा?" रशीदने विचारलं.

"हरवलं. ट्यूबचा तुकडा घट्ट बांधलाय. थेंब सांडत नाय."

"मग हवा कशी जाणार आत? नि हवा नाय तर पेट्रोल कसं येणार? भोक पाडा त्याला!"

मला पटेना. इतकी वर्षं गाडी चालवणारा मी, हुज्जत घालतच राहिलो. शेवटी भाबीने रिसीव्हर ओढून घेतला, "ऐका, जन्नतचं..." म्हणाली आणि लाइन गेली. तिची तीन मिनिटं मी खाल्ली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हारुनभाई आत आले. "काय म्हणाला रशीद?"

भाबीने रिसीव्हर जागेवर ठेवला. "नको म्हणाले. पोरीला शिकवा म्हणाले."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हारुनभाई माझ्याकडे वळले. "तूही बोललास ना त्याच्याशी?"

"होय," मी म्हटलं. "मलाही तेच सांगत होता."