टेकाडाकडचं क्वार्टर

बेळगावबाहेर, काकतीच्या बाजूला विद्यापीठाचं केंद्र नुकतंच उभं राहिलं होतं. मागचं टेकाड करवंदीच्या जाळ्यांनी आणि कुसळी गवतानं भरलेलं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर साप निघाला आणि संचालक हेरेकरांनी ठरवून टाकलं, टेकाड जाळायचं आणि तिथं नीलगिरी लावायची.

वनस्पतिशास्त्र शिकवणारी विद्युल्लता तडक त्यांच्या खोलीत गेली.

"सर, त्या गवतात टिटव्या, तित्तर अंडी घालतात. सगळं जळून जाईल."

"आणि मुलींना साप चावला तर जबाबदार कोण, मॅडम?"

"वसतिगृहाभोवतीचं गवत कापू, वाटेवर दिवे लावू. आणि टेकाडाला लागून क्वार्टर रिकामं आहे ना, तिथं मी राहते."

त्या क्वार्टरात जायला कुणीच तयार नव्हतं. हेरेकर तिच्याकडं बघतच राहिले. "एक वर्ष बघू," शेवटी म्हणाले.

सामान हलवताना तिच्या आईनं, शेवंताबाईनं तोंड सोडलं. "निपाणीत तंबाखूची धूळ खाऊन तुला शिकिवलं, ते ह्या रानात ऱ्हायाला व्हय गं?"

विद्युल्लतेनं ट्रंक उचलून आत नेली. सुरुवातीला तीही अंथरूण चारदा झटकल्याशिवाय आडवी होत नसे.

श्रावणात जाळ्यांवर कळलावीची लाल-पिवळी फुलं चढली, गवतात आमरीचे, म्हणजे कंदातून उगवणाऱ्या रानटी ऑर्किडचे, पांढरे तुरे डोकावले. तिनं वर्ग तिथंच भरवायला सुरुवात केली. मुली आधी एकमेकींचे हात धरून यायच्या. मग सुट्टीच्या दिवशीही येऊन शेवंताबाईकडं चहा मागू लागल्या.

वर्ष सरलं, पहिला पाऊस पडला आणि नीलगिरीच्या रोपांचा ट्रक आलाच. हेरेकर जागा दाखवायला टेकाड चढू लागले.

"सायेब, थांबा!" शेवंताबाई ओरडली. "कडंनं चला. म्होरं तितराची पिल्लं हायत."

हेरेकरांचा पाय जागीच थबकला. मातीच्याच रंगाची चार-पाच पिल्लं गवतातून तुरुतुरु पळाली. ते उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"रोपं रस्त्याकडंला लावा," उठता उठता ते ट्रकवाल्याला म्हणाले. "टेकाड राहू दे."

विद्युल्लतेचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. रस्त्याकडंलाही आमरी होतीच. खड्डे खणणारी माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. तिनं वसतिगृहाचं दार वाजवलं. थोड्याच वेळात टोपल्या घेतलेल्या मुली रस्त्याकडंला ओळीनं बसून टेकाडावर लावायला ओल्या मातीतून आमरीचे कंद सोडवत होत्या, आणि शेवंताबाई खुरपं हातात घेऊन बजावत होती, "हळू गं पोरींनू, मुळं तुटतील!"