उशिरा झालेली कामं

फोन पुन्हा टुणकन वाजला तेव्हा बेबीच्या डाव्या हातात कुणा म्हाताऱ्याची वरची कवळी होती आणि उजव्या हातात तापवलेली सुरी. मेणात बसवलेला सुळा अजून हलत होता. हात काढला तर तो वाकडा बसणार होता.

"ताई, बघा की कोण ते," पलीकडच्या टेबलावरचा पॉलिशवाला म्हणाला. "सकाळपासून जीव खातोय."

"कोणी नाही. वडलांचे व्यायाम आहेत."

"व्यायामांचा फोन येतो?"

"न केल्याचा येतो."

तो हसला. बेबी हसली नाही. तिने सुळा सरळ केला, मेण गार होऊ दिलं आणि मग फोन उताणा केला. 'अण्णांचे व्यायाम : उशीर झाला आहे.' उशीर झालेला नव्हता. दिवसभर अण्णांजवळ बसणाऱ्या मावशींनी ते साडेदहालाच करून घेतले असणार. पण मावशी फोनला हात लावत नसत. "मला नका ते शिकवू. हात मोडलेला बसवायला सांगा, बसवते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

एकोणपन्नास वर्षांची ही बाई घरात अजून बेबीच होती. दातांच्या त्या लॅबमध्ये तिची सव्वीस वर्षं गेली होती. तिथे प्रत्येक काम एका छोट्या ताटलीत यायचं, सोबत चिठ्ठी. दात बसवले की ताटली पुढच्या टेबलावर. काम डोळ्यांपुढे यायचं, संपायचं आणि निघून जायचं. घरातलं काम तसं नव्हतं. अण्णा जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडणारे. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, बोलणं अर्धंमुर्धं परत आलं, आणि त्या दिवसापासून बेबीचं कुठलंच काम संपलं नाही.

आधी ती सगळं डोक्यातच ठेवायची. एकदा रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली. काही झालं नाही, पण तिला धसका बसला. तिने आपण होऊन दादाला फोन करून सांगितलं. दादा दूरच्या शहरात, मोठ्या कंपनीत, दुसऱ्यांच्या कामांचं नियोजन करायच्या कामावर होता.

"डोक्यात ठेवायचं वय गेलं आपलं," तो म्हणाला. "एखादं ॲप घे. ढीगभर आहेत."

ढीगभर होती खरी. पहिल्यात एक रोपटं होतं. कामं झाली की ते वाढायचं, राहिली की मान टाकायचं. एका आजाऱ्याचं करता करता दुसरा कशाला पाळायचा, म्हणून तिने ते आठवड्यात काढून टाकलं. दुसरं प्रत्येक कामाला किती मिनिटं लागतील ते विचारायचं. अण्णांच्या अंघोळीपुढे काय लिहिणार? धड दिवस असला तर वीस मिनिटं, आणि नळाची तोटी धरून बसले, सोडायलाच तयार नसले, तर दीड तास. मग ते ॲप पुढचा सगळा दिवस ढकलायचं आणि दुपारचं जेवण संध्याकाळी सहाला सुचवायचं. तिसरं कौतुक करणारं होतं. काम झाल्याची खूण केली की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे. अण्णांना लघवीचं भांडं दिलं, 'वा! कमाल केलीत!' तिने फोन पलंगावर फेकला होता त्या दिवशी.

शेवटी दादाच म्हणाला, "मी ऑफिसात वापरतो तेच टाकू. दोघांनाही दिसेल."

'दोघांना' या शब्दाने तिला इतकं बरं वाटलं की त्याने एका रविवारी बसून एक्केचाळीस कामांची यादी केली तेव्हा ती हूं हूं करत राहिली. मग पाहिलं तर प्रत्येक कामापुढे 'जबाबदार व्यक्ती' होती. अडतीस ठिकाणी बेबी. तीन ठिकाणी दादा: विमा, डॉक्टरांशी बोलणे, मासिक आढावा.

"दादा, यात झालं आणि नाही झालं एवढंच आहे," तिने एकदा विचारलं. "आज नाही जमलं, उद्या बघू, असं काही नाही का?"

"म्हणजे नाहीच झालं ना, बेबी."

"पण कारण असतं रे."

"मग खाली लिही. जागा आहे तिथे."

ती लिहू लागली. 'फिरवलं नाही. आईचा फोटो पाहून रडत होते, जवळ बसले.' 'सूप अर्धंच. चमचा स्वतः धरायचा हट्ट, धरू दिला. चादर बदलली.' 'मावशींनी वेळेवर केलं, मी आत्ता नोंदवतेय.' सात महिने ती लिहीत राहिली. लिहिताना वाटायचं, पलीकडे कोणीतरी वाचतंय.

मग दादा तीन दिवसांसाठी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"हे बघ, मी तुला दोष देत नाहीये," तो म्हणाला. "पण आकडे बघ. तीनशे बारा कामं उशिरा. एकशे चार झालीच नाहीत."

"मावशी करतात, मी घरी येऊन नोंदवते. म्हणून उशीर दिसतो."

"दिसतो म्हणजे आहेच ना."

"कारणं वाचलीस?"

"कुठली कारणं?"

तिने बोट पुढे करून एक बारीक बाण दाबला. त्याखाली घडी घालून ठेवल्यासारखं सगळं होतं, ते पडदाभर पसरलं. दादा वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. मध्ये एकदा त्याने चष्मा काढून डोळे चोळले. बेबीला वाटलं, आता समजेल.

"म्हणूनच म्हणतो," तो हळूच म्हणाला. "तुझ्याने हे होत नाहीये, बेबी. तूच लिहिलंयस की."

शुश्रूषा केंद्र त्याने आधीच पाहून ठेवलं होतं. एक खाट रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"अण्णांना विचार," बेबी ताडकन म्हणाली. अण्णा नाही म्हणणार याची तिला खात्री होती.

दादाने बहिऱ्याला विचारावं तसं मोठ्याने विचारलं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते बेबीकडे बघत राहिले.

"जातो," ते म्हणाले.

"अण्णा, माझ्यासाठी नको हं."

त्यांनी डाव्या हाताने तिच्या खिशातल्या फोनकडे बोट केलं. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "तो... वाजतो. तू... धावतेस. सारखी... माझी... तक्रार."

सात महिने तो आवाज झाला की अण्णा बेबीच्या चेहऱ्याकडे बघत आले होते, आणि तिला वाटत होतं ते पाणी मागतायत. आवाज बंद करता येत होता. तिला ते ठाऊक होतं. बंद केला तर एखादी गोळी राहून जाईल या भीतीने तिने तो केला नव्हता, इतकंच.

शुक्रवारचं काम गुरुवारीच उरकलं. यादीत दादाने 'स्थलांतर' असं नवं काम टाकलं, समोर स्वतःचं नाव घातलं आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी पूर्ण झाल्याची खूण केली. घरी आल्यावर बेबीने ते ॲप काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं ॲपने दोनदा विचारलं.

रविवारी अकराला ती केंद्रावर गेली. खोली स्वच्छ होती, चादर ताणून घातलेली. अण्णांची दाढी केलेली होती, फक्त हनुवटीखाली थोडी राहिली होती. खाटेच्या पायथ्याशी पाटीला कागद लावला होता: कूस बदलणे, व्यायाम, गोळ्या, जेवण. प्रत्येक चौकटीत निळ्या शाईची बरोबरची खूण. रात्री नऊच्या गोळ्यांपर्यंत.

"सिस्टर," तिने दारातून जाणाऱ्या परिचारिकेला थांबवलं. "अजून अकराच वाजलेत."

सिस्टरने कागदाकडे पाहिलं आणि ओशाळून हसली. "तपासणीवाले कधीही येतात हो. करतो आम्ही सगळं, काळजी नका करू."

ती वाईट नव्हती. तिच्याकडे बारा खाटा होत्या. बेबीने हातात घेतलेली पाटी होती तशी परत टांगली.

अण्णांच्या उजव्या हाताची मूठ पूर्वीपेक्षा घट्ट मिटली होती आणि नखं तळव्यात रुतत होती. तिने मगमध्ये कोमट पाणी आणलं, मांडीवर टॉवेल पसरला आणि मूठ पाण्यात धरली. पाणी दोनदा बदललं. मग करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटायला वेळ लागला.

"दुखलं तर सांगा."

"घाई... नाही," अण्णा म्हणाले.

आत दुमडलेला अंगठा सर्वांत शेवटी मोकळा झाला. तळव्यावर चार लालसर चंद्रकोरी उमटल्या होत्या. तिने तो उघडा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि करंगळीपासून नखं कापायला सुरुवात केली.