फाटकातल्या तीन थैल्या

फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि हेमराज खाटेवर ताडकन उठून बसला.

"काय झालं बे? धाप लागली का?" शेजारच्या खाटेवरच्या पत्रूजींनी विचारलं.

धापबीप काही लागली नव्हती. फोटोत एक थैली असायला हवी होती आणि त्याला तीन दिसत होत्या.

फोटो त्याच्याच घराचा होता. फाटकाला बांधलेला आडवा बांबू, लाल-पांढरी पट्टी आणि पट्टीच्या आत विनोदच्या दुकानाची पांढरी थैली. खाली विनोदने लिहिलं होतं, 'मनकर्णाबाई. माल पोचला.' ग्रुपवरच्या दहा-बारा जणांचे अंगठे दाखवून झाले होते. हेमराजही सवयीने अंगठा देणार, तोच त्याला भिंतीकडे सरकवलेली दुसरी थैली दिसली. तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आली होती आणि पार पिवळी पडली होती. मेथी सोमवारची. तिच्या मागे शनिवारची थैली, तशीच गाठ मारलेली. आज बुधवार होता. म्हणजे पाच दिवसांत मायनं दाण्याला हात लावला नव्हता.

हेमराज काही पुढारी नव्हे. कुरखेड्यात शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणारा शेहेचाळीस वर्षांचा साधा माणूस. लग्न जमता जमता राहून गेलं, घरात तो आणि माय, बस्स. मार्चात कोरोनामुळे शाळा बंद झाली तशी व्हॅन कडुनिंबाखाली उभी राहिली. इकडे बाजारातल्या लहान दुकानांनीही माना टाकल्या, कारण शेजारच्या गावचा मोठा मार्ट फोन केला की गाडीनं माल घरी पाठवत होता. विनोदचं किराण्याचं दुकान तर बंद पडल्यातच जमा. विनोद म्हणजे पहिलीपासून हेमराजच्या बाकावर बसलेला दोस्त. अर्धं शटर ओढून तो आत बसून असायचा.

"आता दुकानाचं काही खरं नाई बे," तो एक दिवस म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"रडतं काऊन? माह्यी व्हॅन कुठी गेली?" हेमराज म्हणाला.

झालं, तिथून सुरू. अकरा दुकानं आणि फुकट राबायला तयार असलेली नऊ माणसं. शकुबाईच्या कुरड्यांपासून विनोदच्या चहापत्तीपर्यंत सगळा माल घरोघरी जाऊ लागला. कोणाचं घर कोणत्या गल्लीत हे हेमराजला वेगळं विचारावं लागत नसे, सगळ्या गावाची पोरं त्याच्या गाडीत बसलेली. माल मिळाला, नाही मिळाला अशी भांडणं होऊ लागली तेव्हा त्यानंच पद्धत घालून दिली. थैली दारात ठेवायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. महिन्याभरात विनोदचं शटर पूर्ण वर गेलं. दोस्तासाठी एवढं करायला मिळालं याचं हेमराजला मोठं सुख होतं, आणि तो ते लपवतही नसे.

गेल्या शुक्रवारी हेमराजचीच तपासणी पॉझिटिव्ह आली. रुग्णवाहिका त्याला गावाबाहेरच्या वसतिगृहात घेऊन आली. तिथे आजाऱ्यांचं सेंटर केलं होतं. मायची तपासणी निगेटिव्ह, म्हणून ती घरीच, फाटकाला पट्टी बांधून बंद. गुडघ्यांनी जायबंदी, बाहत्तर वर्षांची, जवळ फोन नाही. शेजारचे नानाजी घरदार घेऊन शेतावर राहायला गेलेले. रुग्णवाहिकेत बसल्या बसल्या हेमराजनं पहिला फोन लावला तो विनोदला.

"तू मायची कायजीच करू नको," विनोद म्हणाला होता. "तुयी माय थे माह्यी माय. शाळा सुटली का तिच्याच चुलीपाशी बसून खात होतो न मी. एक दिवसाआड माल नेऊन देतो, अन् रोज जाऊन दोन गोष्टी बोलून येतो."

आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. "बोललो न मायशी. मस्त हाय. तुयी आठवन काढते. आज वांग्याची भाजी केली म्हने." हेमराज ते ऐके, पत्रूजींना सांगे आणि निवांत झोपे. ताप उतरला तो औषधानं की त्या वांग्याच्या भाजीनं, देव जाणे.

आता त्यानं फोन लावला. 

"विन्या, माय फाटकापाशी आली होती का आज?"

"हो न. बोललो न. मस्त हाय."

"मंग थैल्या काऊन पडून हायेत?"

पलीकडे तराजूचं पारडं वाजलं. कोणीतरी साबण मागत होतं.

"कोनत्या थैल्या?"

"तूच भिंतीले सरकवल्या न बे! फोटो साफ याले पाह्यजे म्हून."

 विनोद आवाज खाली करून म्हणाला, "हे पाय हेमराज, मले लेकरंबाळं हायेत. मी आत तं जाऊ शकत नाई न."

"आत जा म्हनलो का मी? माय दिसली का, थेवढं सांग."

"शनिवारी दिसली होती. दारात."

"अन् त्याच्यानंतर?"

"नाई."

"मंग वांग्याची भाजी?"

"तुले टेन्शन नको म्हून सांगतलं रे. गिऱ्हाईक हाय समोर, मंग करतो फोन."

गिऱ्हाईक! ते गिऱ्हाईक त्या दुकानाच्या पायरीवर आणलं कोणी? सहा महिने उन्हातान्हात, पावसाचिखलात व्हॅन दामटली कोणी? हेमराजच्या तोंडात शिवी आली होती, पण शिवी द्यायला वेळ कुठे होता? त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या घरी कोणीतरी जा. माय शनिवारपासून दिसली नाही. हात जोडतो.'

निळ्या खुणा भराभर उमटल्या. ज्यांच्या घरी तापाची माणसं असताना हेमराजनं दूध पोचवलं, त्यांच्या. ज्यांचा माल त्यानं पाठीवर वाहिला, त्यांच्या. कोणाचं तरी 'टायपिंग' दिसे आणि नाहीसं होई. शेवटी एकानं विचारलं, 'त्यांची पुन्हा टेस्ट झाली का?' दुसऱ्यानं जोडलेले हात पाठवले. बाकी सगळी सामसूम. हेमराज फोनकडे पाहत राहिला आणि लहान पोरासारखा हुंदका आला त्याला.

"रडू नको," पत्रूजी म्हणाले. "आशाताईले लाव न."

त्याच्या वार्डाच्या आशाताई स्वतःच आठवडाभर तापानं पडून होत्या. त्यानं दुसऱ्या वार्डाच्या आशाताईला, उर्वशीला फोन लावला. तिची ओळख एवढीच की तिची मुलगी त्याच्या व्हॅनमध्ये खिडकीशी बसायची. उर्वशीनं सगळं ऐकून घेतलं. "जातो मी, भाऊ," ती म्हणाली. बास, एवढंच.

पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत हेमराज वऱ्हांड्यात येरझारा घालत राहिला. दर फेरीला त्याच्या मनात माय एकदा न्हाणीत पडलेली असे, एकदा अंथरुणात थंड झालेली. देवा, मले ने, पण तिले ठेव, असं तो पुटपुटत होता. फोन वाजला तसा त्याला तो कानाला लावायचाही धीर होईना.

"भाऊ, हाय माय. बसून हाय," उर्वशी म्हणाली. "लई थकली हाय. चूल थंडी पडली. काही बोलूनच नाई राह्यली माह्याशी. स्पीकर लावतो, तुमी बोला."

"माय," हेमराज म्हणाला. "माय वो."



"कोन बोलून राह्यलं?"

"मी, हेमराज."

"माह्या हेमराज?"

"दुसरा कोन?"

पलीकडे माय रडायला लागली. रडताना बोलत होती, बोलताना थांबत होती. विनोद शनिवारी आला, ती म्हणाली. ती सरकत सरकत दारात आली, हाक मारली, बाबू, माह्या हेमराज कसा हाय रे? विनोदनं मान खाली घातली. पट्टीखालून काठीनं थैली आत ढकलली, फोटो काढला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तिनं पुन्हा हाक मारली, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सोमवारी त्यानं तेच केलं, तेव्हा ती दारातही आली नाही, खिडकीतून पाहत राहिली. आजही तसंच.

"मी समजली का तू गेला," माय म्हणाली. "अन् मले सांगाची कोनाची हिंमत होऊन नाई राह्यली."

त्या भागातली रीत हेमराजला कोणी सांगायला नको होती. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. गणगोत, शेजारी दारात काही ना काही आणून ठेवतात, आणि आणणारा बोलत नाही, मान खाली घालून येतो आणि तसाच जातो. मायनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात असंच आणून ठेवलं होतं. पाच दिवस ती पोराचं सुतक पाळत बसली होती, डब्यातल्या मुरमुऱ्यांवर आणि माठातल्या पाण्यावर. आणि त्याच पाच दिवसांत हेमराजला वांग्याच्या भाजीची खबर पोचत होती.

त्याच्या अंगाची लाही लाही झाली. आत्ता विनोद समोर असता तर त्यानं त्याचा गळा धरला असता.

"मी जित्ता हाय, माय. ताप बी उतरला. चार दिवसांत घरी येतो."

"बोलत राय," माय म्हणाली. "थांबू नको."

उर्वशीनं काड्या मोडल्याचा आवाज आला. डब्याचं झाकण निघालं, तांदूळ धुतले गेले. हेमराज बोलत राहिला. काय बोलावं हे कळत नव्हतं, म्हणून जे दिसेल ते सांगत सुटला. बारा खाटा आहेत. पत्रूजी घोरतात. सकाळी पोहे देतात, त्यात मीठ नसतं. मधेच खोकला आला की माय तिकडून घाईनं म्हणे, "हाय न रे?" आणि तो म्हणे, "हाय न."

चूल पेटली. मायचा आवाज जरा सरळ झाला.

"हेमराज, विनोदले काही झालं तं नाई न?"

"काऊन?"

"एवढा बोलका पोरगा. घरात पाय टाकला का माय माय करे. एक शब्द नाई बोलला. त्याले बी आजार झाला अशीन, नाई तं असा नाई थो."

हेमराजच्या हातातला फोन थरथरला. बोलणं चालू असतानाच पडद्यावर विनोदचं नाव आलं होतं. हेमराज त्या नावाकडे पाहत राहिला. खरं काय ते जिभेच्या टोकावर होतं. एका वाक्याचं काम. पण पलीकडे पाच दिवसांनी चुलीवर भात ठेवलेला होता, आणि त्या चुलीपाशी बसून विनोदनं खाल्लेलं मायच्या अजून ध्यानात होतं.

"हो माय," तो म्हणाला. "गळा बसला त्याचा. आवाजच निघून नाई राह्यला."

"पाय, मी म्हनलं नाई? हळद-दूध घेजो म्हनावं त्याले."

"सांगतो."

विनोदचं नाव पडद्यावर येतच होतं. हेमराजनं ते घेतलं नाही आणि कापलंही नाही.

"भात झाला का वो, माय?" त्यानं विचारलं.