कोट कुणी जाळला?

मी एक जुनी इस्त्री आहे. बिडाचा जाडजूड तळ, लाकडी मूठ आणि दोनदा बदललेली वायर, असा माझा थाट! कारखान्यातून निघाले ती थेट या लॉन्ड्रीच्या टेबलावर आले.

मित्रांनो, वीस वर्षं मला मावशींनी चालवलं. त्या इथे नोकरीला होत्या, पण दुकान त्यांच्याच हातांवर उभं होतं. कापडाला नुसतं बोट लावून त्या ओळखायच्या, याला किती आच सोसेल. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणायचं, "वा, काय कडक घडी आहे!" मालक मिशीत हसत म्हणायचे, "इस्त्रीच तशी आहे आमची!" खोटं कशाला सांगू, मी फुगून जायचे. मावशींचं नाव मात्र कुणी घेत नसे.

एकदा दुपारी मावशी आत जेवायला बसल्या होत्या. गाण्याच्या मास्तरांना कार्यक्रमाला जायची घाई, म्हणून त्यांचा कोट मालकांनी स्वतःच हाती घेतला. तेवढ्यात फोन वाजला. मालक गप्पांत रंगले आणि मी कोटावर तशीच! मला ओरडता आलं असतं तर! धूर निघाला तेव्हा कोटाच्या पाठीवर माझा अख्खा ठसा उमटला होता.

नेमके तेव्हाच मास्तर दारात. मालकांची बोबडी वळली. "काय सांगू मास्तर, आमच्या मावशींचं हल्ली लक्षच नसतं."

मावशी डबा घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. चपला घातल्या आणि घरी निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस मालकांनी मला चालवलं. काय ती फजिती! एका विजारीला तीन-तीन घड्या. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा शर्ट इस्त्री केलाय की चघळलाय?"

चौथ्या दिवशी मालक मावशींच्या घरी गेले. तिथलं बोलणं मी मागाहून दुकानात ऐकलं. "चुकलं माझं," मालक म्हणाले.

"ते मला ठाऊकच आहे. ज्यांच्यापुढे बोललात, त्यांना सांगा."

मालकांनी मावशींना दुकानात आणलं आणि मास्तरांनाही बोलावून घेतलं. चार गिऱ्हाइकं उभी होती. मालकांचे कान लालबुंद झाले. "मास्तर, कोट मी जाळला. मावशींवर उगाच ढकललं. नवा कोट मी शिवून देतो."

मास्तर मावशींकडे वळले. "मीही लगेच खरं मानलं, मावशी. राग मानू नका."

"बरं, बरं. आता सरका, कामाचा खोळंबा झालाय!" असं म्हणून मावशींनी डोळे पुसले आणि माझं बटण दाबलं. त्या दिवशी मी अशी काही तापले म्हणून सांगू!

मित्रांनो, उद्या तुमचंही एखादं दुकान होईल. माझ्यासारख्या वस्तूंना जपालच. पण तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाला आधी जपा. माझी वायर तुटली तर बाजारात नवी मिळते. दुखावून घरी गेलेल्या माणसाला परत आणायला मात्र मालकालाच त्याच्या दारी जावं लागतं.